बदलीचं गाव आणि तिथली हवा

महाराष्ट्रात बदल्यांचा मोसम उन्हाळ्यात येतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या बदल्या एप्रिल-मे महिन्यांत कराव्यात असं २००५ चा बदल्यांचा कायदाच सांगतो, आणि खासगी नोकरीतली माणसंही मुलांच्या परीक्षा आटोपल्याशिवाय सामान बांधत नाहीत. साहजिकच नव्या शहरात घर बघायला माणूस जातो तो मे-जूनमध्ये. पाणी किती वेळ येतं, स्कूलबस गेटपर्यंत येते का, लिफ्टला जनरेटर आहे का, सगळं विचारून होतं. खिडकी उघडली की वारा येतो. घर हवेशीर आहे असं नवरा-बायको दोघांचंही मत पडतं आणि टोकन देऊन मंडळी मोकळी होतात.

खिडकीतून आलेला तो वारा खरा असतो, फक्त तो बारमाही नसतो. मुंबईत उन्हाळा चढू लागला की समुद्रावरचे वारे जोर धरतात, जूनमध्ये पाऊस येतो आणि पुढचे तीन-चार महिने हवा अक्षरशः धुऊन निघते. तोच वारा घाट चढून पुण्याला पोचतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर दिल्लीचीही हवा वर्षातली सर्वांत चांगली असते. थोडक्यात, घर शोधण्याचे आपले महिने आणि हवा लपून राहण्याचे महिने जवळजवळ एकच आहेत. कुठल्याही दोन शहरांची हवा ताडून बघायची असेल तर हिवाळा हिवाळ्याशी लावून बघावा लागतो, आणि तो आपल्याला घर बघताना दिसलेला नसतो.

हिवाळ्यात होतं काय, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं जातं. जमिनीलगत सोडलेला धूर किती उंचीपर्यंत वर जाऊन मिसळू शकतो, यावर त्या दिवशीची हवा अवलंबून असते. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते, हवा वर उसळते आणि धुराला पसरायला किलोमीटर-दोन किलोमीटर उंचीची जागा मिळते. हिवाळ्याच्या रात्री जमीन भराभर थंड होते, तिला लागून असलेली हवाही गार पडते आणि तिच्यावर तुलनेनं उबदार हवेचा थर येऊन बसतो. एरवी वर जावं तसं गार होत जातं. इथे काही उंचीपर्यंत उलटं होतं. हा उलटा थर पातेल्यावरच्या झाकणाचं काम करतो. धुराला मिळणारी उंची काहीशे मीटरांवर येते, कधी त्याहूनही खाली. गाड्या तेवढ्याच, भट्ट्या तेवढ्याच, कारखाने तेवढेच. पण तोच धूर आता कितीतरी कमी हवेत कोंबलेला असतो.

पुण्यात हे झाकण डोळ्यांनी बघता येतं. डिसेंबरात सकाळी साडेसहा-सातला वेताळ टेकडीवर उभं राहून शहराकडे पाहिलं, तर इमारतींवर राखाडी-तपकिरी पट्टा आडवा पसरलेला असतो. त्याची वरची कड बऱ्यापैकी सरळ असते आणि तिच्यावर आकाश स्वच्छ. दहा-अकरापर्यंत उन्हं चढली की पट्टा फिकट होत विरून जातो. टेकडीवर फिरायला आलेले लोक त्याला धुकं म्हणतात. धुक्याचा अंश त्यात असतोही, पण तपकिरी छटा धुराची. चारी बाजूंनी टेकड्या आणि मधे नद्यांचा सखल भाग, अशा ठिकाणी थंड हवा खाली उतरून साठते. पुण्याची गुलाबी थंडी आणि पुण्याचं धुरकं ही एकाच रात्रीची दोन रूपं आहेत.

दिल्लीचं दुखणं याच कारणाचं, पण फार मोठ्या प्रमाणावर. उत्तरेला हिमालय, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि नोव्हेंबर ते जानेवारी वारा जवळजवळ पडलेला. ऑक्टोबरच्या अखेरीपासून पंजाब-हरियाणातल्या भातशेतांतली पराली (कापणीनंतरचे खुंट) पेटते, तिचा धूर त्यात येऊन मिळतो. मराठी वर्तमानपत्रांत सगळं खापर या परालीवर फुटतं. पण डिसेंबर-जानेवारीत शेतं जळायची थांबलेली असतात, तरी दिल्लीची हवा वाईटच असते. तेव्हा 'पराली संपली की ठीक होईल' या भरवशावर तिकडे बिऱ्हाड हलवू नये.

मुंबईची गोष्ट निराळी. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. मुंबईची हवा वर्षातला बराच काळ बरी असते ती या वाऱ्यांमुळे. शहर काही कमी धूर सोडतं असं नाही. हिवाळ्यात खारे वारे दुबळे आणि उशिरा येऊ लागले की ही सवलत संपते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात नेमकं हेच झालं. मुंबईचा आकडा काही दिवशी दिल्लीच्या वर गेला आणि शहर चक्रावलं. सलग तीन हिवाळे टिकलेल्या ला निनाशी काही शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध लावला. त्या हिवाळ्यात मुंबईतल्या चिमण्या एकाएकी वाढल्या नव्हत्या. आधीपासून जे काही हवेत सुटत होतं ते त्या वर्षी शहरातच राहिलं. पुढच्याच वर्षी महापालिकेनं बांधकामांसाठी नियम काढले, उंच इमारतींच्या कामांभोवती ३५ फुटी पत्रे उभे राहिले आणि उच्च न्यायालयानं हा विषय स्वतःहून हाती घेतला.

फोनवरचा आकडा

आता त्या आकड्याकडे येऊ. बहुतेक लोक तुलना करतात ती अशी: फोन काढायचा, दोन्ही शहरांचा एक्यूआय बघायचा, लहान आकडा असेल ते शहर चांगलं. या पद्धतीत निदान तीन खड्डे आहेत आणि पहिला सर्वांत खोल आहे.

हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, भारतात २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकं धरली जातात: पीएम १० आणि पीएम २.५ हे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला जो सर्वांत मोठा, तोच निर्देशांक म्हणून जाहीर होतो. सरासरी नाही, बेरीज नाही. वर्गातला सर्वांत वाईट निकाल तोच वर्गाचा निकाल. सावध करण्यासाठी ही रीत योग्य आहे. तुलनेसाठी ती दगा देते.

एक काल्पनिक जोडी घ्या. पहिल्या शहरात पीएम २.५ आहे ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि पीएम १० आहे १००. भारतीय कोष्टकात दोन्हींचा उपनिर्देशांक १०० येतो, म्हणून शहराचा आकडा १०० आणि शेरा 'समाधानकारक'. दुसऱ्या शहरात पीएम २.५ फक्त ३०, पण रस्त्यांवरची धूळ उडतेय म्हणून पीएम १० आहे १९०. पीएम १० मुळे आकडा चढतो १६० वर आणि शेरा मिळतो 'मध्यम'. फोन बघणारा पहिल्या शहरात जाईल. पण पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक कण. तो फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतो, काही अंशी रक्तातही शिरतो. हृदयविकार आणि अर्धांगवायूशी त्याचा संबंध सर्वांत पक्का आहे. पहिल्या शहरात तो दुप्पट आहे. दुसऱ्या शहरातली धूळ निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, दम्याच्या माणसाला ती पुरेसा त्रास देते. पण पंधरा वर्षं राहायचं झालं तर मी दुसऱ्या शहरात राहीन.

दुसरा खड्डा परदेशी जाणाऱ्यांच्या वाटेतला. न्यू जर्सीतला भाचा सांगतो, "आमच्याकडे आज पन्नास आहे," आणि नाशिकचा मामा म्हणतो, "आमच्याकडेही पन्नासच." दोघं खूश. भारतीय कोष्टकात पीएम २.५ चा पन्नास म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. अमेरिकेनं २०२४ मध्ये आपलं कोष्टक आणखी कडक केलं, त्यात पन्नास म्हणजे ९ मायक्रोग्रॅम. एकाच आकड्यामागे तिपटीहून जास्त फरक. मामाचे ३० मायक्रोग्रॅम अमेरिकी कोष्टकात घातले तर ९० च्या घरात जातात. आणखी गंमत म्हणजे हवा फार बिघडली की हे नातं उलटतं: १२० मायक्रोग्रॅमला भारतीय निर्देशांक ३०० होतो, अमेरिकी दोनशेच्या आतच राहतो. त्यात काही ॲप भारतातल्या शहरांनाही अमेरिकी कोष्टक लावतात, काही भारतीय लावतात, आणि कुठलं लावलंय ते बारीक अक्षरांत कुठेतरी तळाशी असतं. उपाय साधा आहे. निर्देशांक बाजूला ठेवा आणि पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघा. मायक्रोग्रॅम पुण्यातही तेवढाच आणि पिट्सबर्गमध्येही तेवढाच.

तिसरा खड्डा वेळेचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज दुपारी ४ वाजता जे पत्रक काढतं, त्यात मागच्या २४ तासांची सरासरी असते. अनेक ॲप त्या तासाचा आकडा दाखवतात. एका शहराचा सकाळी आठचा आणि दुसऱ्याचा दिवसभराचा आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. सगळे सुशिक्षित.

मग मायक्रोग्रॅममध्ये आपली शहरं कुठे आहेत? दिल्लीची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी अलीकडच्या वर्षांत शंभराच्या आसपास फिरते आहे. मुंबई आणि पुणं चाळिशीच्या आगेमागे, बंगळुरू त्याहून थोडं खाली. भारताची वार्षिक मर्यादा आहे ४०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली मर्यादा १० वरून ५ वर आणली. म्हणजे बंगळुरूची हवासुद्धा त्या मापानं कित्येक पट वाईट ठरते. देशातलं निर्मळ हवेचं महानगर शोधायला निघालात तर बदलीच नाकारावी लागेल. तुलना बरी आणि कमी बरी यांच्यातच करायची आहे, आणि ती करण्यासारखी आहे, कारण चाळीस आणि शंभर यांत फार मोठं अंतर आहे.

क्रमवारीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या यादीत दिल्ली जगात सर्वांत वाईट होती. २०१६ च्या यादीत ती अकरावी झाली आणि पहिल्या सातांत ग्वाल्हेर, अलाहाबाद, पाटणा, रायपूर अशी नावं आली. दोन वर्षांत क्रमांक एवढा हलतो. आणि २०२४ च्या एका जागतिक अहवालात पहिला क्रमांक लागला तो आसाम-मेघालय सीमेवरच्या बर्निहाट या छोट्या औद्योगिक गावाचा. जिथे यंत्र बसवलं ते गाव यादीत येतं. जिथे नाही तिथली हवा कागदावर निर्दोष. सोयीचं अज्ञान आहे हे: तुमच्या बदलीच्या तालुक्याचं नाव यादीत नसलं तर त्याचा अर्थ काहीच निघत नाही.

आयुक्तसाहेब 'प्रदूषण २० टक्क्यांनी घटलं' असं सांगतात तेव्हाही एक प्रश्न विचारावा: कोणतं प्रदूषण? २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत आणि त्यांची प्रगती प्रामुख्यानं पीएम १० वर मोजली जाते. रस्ते झाडायची यंत्रं फिरवली, पाण्याचे फवारे मारले, दुभाजकांत झाडं लावली की पीएम १० थोडा उतरतो. धुरातून येणारा बारीक कण झाडूला भीक घालत नाही.

शहर नव्हे, पत्ता

इथवर आपण शहरांबद्दल बोललो. पण श्वास कोणी शहराच्या सरासरीत घेत नाही.

मुंबईतल्या माहुलचं उदाहरण यासाठी मला सर्वांत बोलकं वाटतं. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्या आणि तिथल्या हजारो कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलमध्ये सात मजली इमारतींत घरं दिली. वसाहतीला लागून तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच म्हटलं होतं की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. तरी लोक पाठवले गेले. खोकला, त्वचेचे विकार, क्षय अशा तक्रारी घेऊन ते वर्षानुवर्षं आंदोलन करत राहिले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की कोणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही. पर्यायी घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या. ही सगळी माणसं मुंबईतून मुंबईतच हलली होती. त्यांचा पिनकोड बदलला, एवढंच.

माहुलमधून आणखी एक धडा मिळतो. कारखान्यांच्या परिसरात सतावतात ती बेंझीनसारखी बाष्पशील रसायनं. भारताच्या हवेच्या मानकांत बेंझीन आहे. एक्यूआयच्या आठांत ते नाही. म्हणजे नाकाला उग्र वास येत असताना फोन हिरवा दिसू शकतो. खारघर, पनवेल, तळोजा या पट्ट्यात रात्री-पहाटे रासायनिक वास येतो ही तक्रार जुनी आहे. तिथे फ्लॅट दाखवणारा एजंट पहाटे तीनला दाखवत नाही. चंद्रपूरला जाणाऱ्यानंही शहराच्या आकड्यावर थांबू नये. औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचं, भोवती कोळशाच्या खाणी. २००९ मध्ये केंद्रीय मंडळानं देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं प्रदूषण मोजलं तेव्हा चंद्रपूर अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या पाठोपाठ चौथं आलं होतं. पण तिथेही कोणत्या महिन्यात वारा कुठून कुठे वाहतो आणि तुमची वसाहत राखेच्या बंधाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, यावर रोजचा अनुभव ठरतो.

रस्त्यापासूनचं अंतर ही दुसरी मोठी गोष्ट. वाहनांतून निघणारे अतिसूक्ष्म कण, काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड हमरस्त्याच्या कडेला सर्वांत जास्त असतात आणि दीडशे ते तीनशे मीटरांत झपाट्यानं कमी होत जातात. लंडनमध्ये साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्यालगत राहणारी एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्यानं गेली. २०२० मध्ये तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्यानं तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे 'मेन रोड टच' हे जाहिरातीतलं कौतुकाचं विशेषण आहे. बंगळुरूत सिल्क बोर्डच्या चौकालगत घेतलेलं घर आणि पुण्यात पाषाणच्या आतल्या गल्लीतलं घर यांची तुलना करताना 'बंगळुरूची हवा पुण्यापेक्षा बरी' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

बाहेरचं हिरवंगार उपनगर मात्र नेहमीच सुरक्षित असतं असं समजू नका. ओझोन हा वायू उन्हात, धुरातल्या घटकांपासून तयार होतो. शहराच्या मध्यभागी गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वाऱ्याच्या पुढच्या दिशेला, शहराबाहेर, तो टिकून राहतो. उन्हाळ्याच्या दुपारी डोळे चुरचुरत असतील आणि छाती जड वाटत असेल तर धुराच्या आकड्यांत त्याचं कारण सापडणार नाही.

वहीपेन्सिल घेऊन

प्रत्यक्ष बदली समोर आली की काय करायचं? केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्वयंचलित केंद्राची दररोजची आणि तासागणिक नोंद फुकट उतरवून घेता येते. 'समीर' हे ॲप आजचा आकडा देतं. मुंबई, पुणे, दिल्ली आणि अहमदाबादसाठी पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं उभारलेली 'सफर' ही यंत्रणा पुढचा अंदाजही देते. पण आपल्याला हवा आहे मागचा हिवाळा. नव्या कचेरीच्या आणि संभाव्य घराच्या सर्वांत जवळची दोन केंद्रं निवडा, गेल्या तीन वर्षांचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उतरवा आणि पीएम २.५ साठ मायक्रोग्रॅमच्या वर गेलेले दिवस मोजा. साठ ही भारताची २४ तासांची मर्यादा. आताच्या शहरातल्या आपल्या जवळच्या केंद्राचं तसंच करा. एक्सेल येणाऱ्याला हे तासाभराचं काम आहे, आणि 'तीन हिवाळ्यांत इथे इतके दिवस, तिथे तितके' हे वाक्य कुठल्याही क्रमवारीपेक्षा उपयोगी पडतं.

मोजताना रिकामे रकाने बघा. यंत्र नादुरुस्त होतं, वीज जाते, देखभालीचा ठेका संपतो. डिसेंबरचे तीन आठवडे गायब असतील तर त्या केंद्राची वार्षिक सरासरी आपोआप सुंदर दिसते. लहान शहरांत तर अजून हाताने चालवायची केंद्रं आहेत. तिथे आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस नमुना घ्यायचा असा नियम आहे. अशा सरासरीकडे अंदाज म्हणूनच बघावं.

तासागणिक नोंदीत तर घराचं वेळापत्रकच दडलेलं असतं. हिवाळ्यात बहुतेक शहरांत सकाळी आणि पुन्हा रात्री आकडा चढतो, दुपारी दोन ते चारच्या सुमारास तळाला जातो. म्हणजे साडेसहाला फिरायला निघणारे आजोबा आणि सातच्या बसला उभी असलेली नात, दोघंही वाईट हवेच्या वेळी बाहेर. साताऱ्याहून गुरुग्रामला मुलाकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना ही पहाटेची सवय मोडायला सांगणं अवघड जातं, कारण पहाटेची हवा शुद्ध हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. त्यांच्या गावात ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

आणि एक फेरी हिवाळ्यात पायी मारावी. जमलंच तर पहाटे. केंद्राला न दिसणारं बरंच काही तेव्हा दिसतं: वॉचमननं पुठ्ठे आणि प्लास्टिक घालून पेटवलेली शेकोटी, कोपऱ्यावर झाडलोटीचा जळणारा ढीग, तंदूरची भट्टी, मागच्या प्लॉटवरचा काँक्रीटचा आरएमसी प्लांट, राडारोडा टाकून गेलेला डंपर. प्लॉट मोकळा असेल तर त्यावर काय येणार आहे ते विचारावं. 'समोर मोकळी जागा' याचा अर्थ पुष्कळदा चार वर्षांचं बांधकाम असा असतो. जाणं शक्य नसेल तर तिथे राहणाऱ्याला जानेवारीत सकाळी सातला गच्चीवरून फोटो पाठवायला सांगा.

कोण हलतंय

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठानं मुलांच्या फुफ्फुसांचा वर्षानुवर्षं चाललेला एक अभ्यास केला. त्यातली काही मुलं मधेच आईवडिलांबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली, आणि संशोधकांनी अशा ११० मुलांना नव्या गावी गाठून पुन्हा तपासलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्यांच्या नव्या गावात पीएम १० कमी होता त्यांच्या फुफ्फुसांची वाढ सुधारली. जास्त धुळीच्या गावी गेलेल्यांची मंदावली. जाऊन तीन वर्षं किंवा अधिक झालेल्यांत हा फरक जास्त ठळक होता. तीन वर्षं म्हणजे आपल्याकडच्या एका पोस्टिंगचा नेहमीचा काळ. मुलं दहा ते पंधरा वयाची असतील तर हा अभ्यास पगारवाढीच्या कागदाशेजारी ठेवण्यासारखा आहे.

मोठ्यांच्या बाबतीत शिकागो विद्यापीठाच्या गटानं काढलेला ढोबळ हिशेब प्रसिद्ध आहे: पीएम २.५ सतत १० मायक्रोग्रॅमनं जास्त असेल तर सरासरी आयुर्मान सुमारे एका वर्षानं घटतं. चाळीस आणि शंभर यांतलं अंतर या हिशेबात भयंकर दिसतं, पण तो जन्मभर तिथे राहण्याचा हिशेब आहे. दोन वर्षांच्या बदलीला तो त्रैराशिकानं लावू नये. तिशीतल्या धडधाकट माणसानं दोन हिवाळे दिल्लीत काढले तर आकाश कोसळत नाही. चांगली नोकरी, चांगलं रुग्णालय, जोडीदाराला काम मिळणं यांनाही आरोग्याच्या जमाखर्चात जागा आहे. दम्याचा पंप वापरणारं मूल, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले वडील किंवा गरोदर बायको बरोबर असेल तर मात्र वार्षिक सरासरीपेक्षा नोव्हेंबर-जानेवारीतली ती वाईट टोकं जास्त महत्त्वाची. अशा घरात एकटं आधी जाऊन कुटुंबाला फेब्रुवारीअखेर बोलावणं हा भित्रेपणा नाही. नव्या शहरात लगेच घर विकत घेण्याऐवजी ११ महिन्यांचा भाडेकरार करणं तर कोणालाही परवडतं. जूनमध्ये केला तर त्यात एक आख्खा हिवाळा येतो.

घराच्या आतलंही मोजायला हवं. मुंबईत खिडक्या वर्षभर उघड्या, म्हणून आत-बाहेरची हवा जवळपास सारखी. उत्तरेत थंडीमुळे खिडक्या बंद राहतात आणि मग फोडणीचा धूर, देवघरातली अगरबत्ती, डासांची कॉइल हे सगळं आतच फिरत राहतं; लहान बंद खोलीत जळणारी कॉइल बाहेरच्या वाईट दिवसाशी सहज बरोबरी करते. स्वयंपाकघरात बाहेर हवा टाकणारा पंखा आहे का, हे म्हणूनच घर बघताना विचारावं. नुसती जाळीतून फिरवून धूर परत खोलीत सोडणारी चिमणी कामाची नाही. एअर प्युरिफायर घ्यायचाच तर हेपा फिल्टरचा, खोलीच्या आकाराला पुरेल असा, आणि दिवाणखान्यात न ठेवता झोपायच्या खोलीत, कारण तिथे सलग सात-आठ तास जातात. असा फिल्टर कण अडवतो. कारखान्याचा वास किंवा ओझोन साध्या फिल्टरनं जात नाही. दिल्लीसारख्या ठिकाणी फिल्टर डबीवर लिहिलेल्या मुदतीच्या आधीच काळा पडतो, तेव्हा त्याची किंमत भाडं आणि मेंटेनन्सच्या जोडीनं महिन्याच्या खर्चात आधीच धरून नव्या पगाराचा हिशेब करावा.